‘सवा नौ की डाक’ दाखवणारे प्रभाकरराव

सुमतीवहिनी, नेहा, आणि इथे जमलेले आपण सगळे,

आजच्या शोकसभेत बोलायचं ठरवून आलो आहे, तरी उभं राहिल्यावर जड जातंय. अर्ध्या लोकांना माझी ओळख आहे, उरलेल्यांसाठी सांगतो. मी श्रीकांत मुळे. प्रभाकर खेडकर ज्या कॉलेजात परीक्षा विभागाचे हेड क्लर्क होते, त्याच कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. लोकांना गप्प बसा म्हणण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. माईकसमोर उभं राहायची सवय नाही. कागदावर थोडं लिहून आणलंय. मध्ये अडलो तर थांबा.

माझ्या आधी तिघे बोलले. प्रभाकरराव वक्तशीर होते, कमी बोलत, आपल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला सगळ्यांत आधी येत. सगळं खरं आहे. आणि तिघांनीही हसत हसत सांगितलं की त्यांना एका जुन्या पिक्चरचं वेड होतं. घरी आलेल्या माणसाला ते चहा देत आणि तोच एक पिक्चर दाखवत. मंडळी, इथे तो पिक्चर पाहिलेले किती जण आहेत? जरा हात वर करा.

बघा. चौदा-पंधरा दिसतायत. अख्ख्या ग्वाल्हेरमध्ये तो पिक्चर पाहिलेले बहुधा एवढेच असतील, आणि सगळ्यांनी तो हरिशंकरपुरमला त्यांच्या घरातल्या एकाच खोलीत बसून पाहिला.

मी आज त्या पिक्चरबद्दल बोलणार आहे. आणि आणखी एका गोष्टीबद्दल. ती आधी सांगतो, कारण ती आधी घडली.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर परीक्षा विभागाच्या कपाटातलं प्रश्नपत्रिकांचं एक पाकीट कमी भरलं. आणखी एका पाकिटाचं सील तुटलेलं होतं. कपाटाची किल्ली प्रभाकररावांकडे. त्यांनी स्वतःच प्राचार्यांना जाऊन सांगितलं की साहेब, एक पाकीट कमी आहे. त्यांनी स्वतः सांगितलं, हे पुढे सगळे विसरले.

चौकशी समिती बसली. मलाही बोलावलं. त्यांनी विचारलं, सोमवारी सकाळी वरच्या मजल्यावर, त्या कपाटाच्या खोलीकडे, कुणाला जाताना पाहिलंत का? माझ्या टेबलावरून खिडकीतून तो जिना दिसायचा. मी म्हणालो, हो, पाहिलं. कोण होतं? मी म्हणालो, खेडकर होते.

मंडळी, मी काय पाहिलं होतं ते सांगतो. मी एक तपकिरी कोट पाहिला होता. पाठमोरा. प्रभाकरराव रोज थंडीत तपकिरी कोट घालत, सगळ्या कॉलेजला तो कोट माहीत होता. तो जिना चढून गेला. चेहरा मी पाहिला नाही. मी समितीला ‘कोट पाहिला’ असं सांगायला हवं होतं. मी ‘खेडकर होते’ असं सांगून दिलं. खाली सही केली आणि परत येऊन पुस्तकांवर शिक्के मारायला बसलो.

प्रभाकररावांचं म्हणणं होतं की सोमवारी सकाळी ते वर गेलेच नव्हते, ते तळमजल्यावर फॉर्म तपासत बसले होते. त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. साक्ष देणारा कुणी नाही. दुसऱ्या आठवड्यात ते सस्पेंड झाले. नोटीस बोर्डावर कागद लागला.

सतरा महिने ते घरी होते. घरी म्हणजे, तसे घरी नव्हतेच. रोज सकाळी कॉलेजच्या वेळेला कपडे करून निघायचे. आधी पायी इंदरगंजपर्यंत. तिथे वाचनालयात पेपर वाचायचे. मग पाटणकर बाजारात एक व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, त्याच्या मालकाला प्रभाकररावांबद्दल सगळं माहीत होतं आणि तो काही विचारत नव्हता. म्हणून ते तिथे बसत. कॅसेटींवर नावं लिहून द्यायचे. त्यांचं अक्षर सुंदर होतं, हे तुम्हाला माहीतच आहे.

त्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणं वहिनींना गेलं नाही. कुणी ठरवून केलं नसेल. यादी करणाऱ्यांना वाटलं असेल, आता यांना कशाला अडचणीत टाका. नेहा तेव्हा नववीत होती. शाळेत एका मुलीने तिला सगळ्यांसमोर विचारलं, ‘तेरे पापा ने पेपर बेचा था क्या?’ हे मला आता कळलं, चार दिवसांपूर्वी.

तर त्या दुकानात, जुन्या कॅसेटींच्या एका खोक्यात, त्यांना तो पिक्चर सापडला. कुणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला. कॉलेजात शिकत असताना तो त्यांनी एकदा पाहिला होता. इथल्या लष्कर भागातल्या एका टॉकीजला लागला होता आणि चौथ्या दिवशी उतरला. पिक्चरचं नाव, ‘सवा नौ की डाक’. नंतर तो कुणाच्या ऐकण्यात नाही. दिग्दर्शकाने पुढे पिक्चर केला नाही. हिरो म्हणजे एरवी हिरोच्या भावाचं काम करणारा नट. गाणं एकच, तेही मागे रेडिओवर वाजतं. मालकाने कॅसेट त्यांना देऊन टाकली. म्हणाला, कोई ले नहीं जाता इसको.

मग चौकशीचा निकाल लागला. ते पाकीट कॉलेजपर्यंत पोचलंच नव्हतं. वाटेतच गठ्ठा फुटला होता आणि दुसऱ्याच गावात ते सापडलं. सीलही तेव्हाचंच तुटलेलं. म्हणजे आमच्या जिन्यावरून कुणी काही चोरायला गेलंच नव्हतं. तो कोट कुणाचा होता कोण जाणे. कुणीतरी आपल्या कामाला गेलं असेल.

प्रभाकररावांना कामावर घेतलं. पण परीक्षा विभागात नाही, स्टोअरमध्ये. ते निर्दोष असल्याचा आदेश बंद पाकिटातून त्यांच्या हातात दिला. ज्या बोर्डावर निलंबनाचा कागद लागला होता, त्यावर हा कागद लागला नाही. मी तो बोर्ड रोज पाहत होतो. मी लावा असं म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

आणि मग त्यांनी लोकांना रविवारी घरी बोलवायला सुरुवात केली. एकेकाला. आधी स्टोअरमधले शर्मा. मग चौकशी समितीतले एक प्राध्यापक. मग शेजारचे. मग मंडळाचे तेव्हाचे सचिव. सकाळी दहाला यायचं, वहिनींच्या हातचे पोहे खायचे, पिक्चर पाहायचा, चहा घ्यायचा, एकच्या आत परत. लोक परत येऊन सांगायचे, खेडकर जरा विचित्र झाले आहेत, एकच पिक्चर दाखवतात. दोन वर्षं मी हे ऐकत होतो. मला बोलावणं येत नव्हतं. येऊ नये असं वाटत होतं, आणि का येत नाही असंही वाटत होतं.

एका शनिवारी ते ग्रंथालयात आले. म्हणाले, मुळे, उद्या या. मी गेलो.

मंडळी, आता पिक्चर सांगतो. ज्यांनी पाहिला आहे त्यांनी पुन्हा ऐका, प्रभाकररावांना पुन्हा पाहणाऱ्यांचं कौतुक होतं.

एक गाव आहे. एक पोस्टमन सायकलवरून पत्रं वाटतो. त्याचं नाव शिवदीन. एका घराच्या माडीवर म्हातारे गायनमास्तर एकटे राहतात. एक दिवस सकाळी सव्वानऊला त्यांचा खून होतो. तीन साक्षीदार आहेत. समोरचा पानवाला, गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई, आणि शेजारचे शाळामास्तर. तिघेही सांगतात, पोस्टमन वर गेला होता. शिवदीन एवढंच म्हणतो, त्या दिवशी त्या घराचं पत्रच नव्हतं, मी वर कशाला जाऊ. पण पत्र नव्हतं याचा पुरावा कुठून आणणार? आलेल्या पत्राला टपालाचा शिक्का असतो. न आलेल्या पत्राला काय असतं?

शिवदीनला पोलिसांनी पकडून नेलं, कोठडी अजून दाखवली नव्हती, तिथपर्यंत पिक्चर आला आणि प्रभाकररावांनी तो थांबवला. मला वाटलं चहा आला. ते म्हणाले, “मुळे, पोस्टमनला मिशा आहेत का?”

मी म्हणालो, आहेत की.

“कशा आहेत?”

मी म्हणालो, जाड, खाली वळलेल्या. मी खात्रीने सांगितलं. मला त्या दिसत होत्या.

त्यांनी कॅसेट मागे नेली, अगदी सुरुवातीपर्यंत, आणि पुन्हा लावली. मंडळी, पहिली पंधरा-वीस मिनिटं त्या पिक्चरमध्ये पोस्टमनचा चेहराच दिसत नाही. टोपी दिसते. खाकी बाही दिसते. पिशवी, सायकलची घंटा, पत्र देणारा हात, जिना उतरणारी पाठ. चेहरा कुठेच नाही. आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. चेहरा पहिल्यांदा दिसतो तो कोठडीत. दाढी वाढलेली नाही, मिशा नाहीत, साधा, थोडा घाबरलेला चेहरा.

ज्यांनी आत्ता हात वर केले, त्या सगळ्यांना हा प्रश्न विचारला होता ना त्यांनी? आणि सगळ्यांनी काही ना काही सांगितलं असणार. शर्मांनी चष्माही सांगितला होता.

त्यापुढे ते मध्ये थांबले नाहीत. पुढे कोर्ट आहे. बचावाचा वकील शाळामास्तरांना विचारतो, ग्यारह साल से यह आदमी आपको चिट्ठी देता है, इसकी तरफ़ देखे बिना बताइए, इसकी आँखें कैसी हैं? मास्तर आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाठ करून उभे आहेत. सांगता येत नाही. कॅमेरा हलत नाही. संगीत नाही. वर पंखा फिरतो आहे. मास्तर घाम पुसत नाहीत, हात वर नेतात आणि परत खाली आणतात. हा प्रसंग मी पुढे किती वेळा पाहिला असेल, मोजलं नाही. ज्या नटाने मास्तरांचं काम केलं, त्याचं नाव सुरुवातीच्या पाटीवर सगळ्यांत खाली आहे. प्रभाकरराव म्हणायचे, नाव तिथे आहे, पण पिक्चर त्याचा आहे.

खुनी शेवटी सापडतो. तो कोण, कसा, कुठे, याची एक ओळ आहे, एक माणूस पेपर वाचून दुसऱ्याला सांगतो. बस. दुसऱ्या कुणी पिक्चर काढला असता तर त्यावरच अर्धा तास घालवला असता. मी प्रभाकररावांना म्हणालो, हे कच्चं राहिलं. ते म्हणाले, नाही, त्या दिग्दर्शकाला खुन्यात रस नाही. त्याला पुढे जायचंय.

कारण शिवदीन सुटतो, तिथे पिक्चर संपत नाही. आणखी वीस मिनिटं आहे. तो पुन्हा खाकी कपडे घालतो आणि पत्रं वाटायला निघतो. तीच गल्ली, तीच घरं. पानवाला पत्र घेतो आणि लगेच गिऱ्हाइकाकडे वळतो. गच्चीवरची बाई वरून टोपली सोडते, पत्र टोपलीत टाका म्हणते. आधी ती खाली येऊन घ्यायची. कुणी वाईट बोलत नाही. सगळे नीट वागतात. दार मात्र पूर्ण उघडत नाही. शेवटी तो शाळामास्तरांच्या दारात येतो. मास्तर पत्र घेतात. पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहतात. विचारतात, आपका नाम क्या है? तो सांगतो, शिवदीन. आणि सायकल घेऊन पुढच्या घरी जातो. समाप्त.

टॉकीजला चौथ्या दिवशी उतरला त्यात नवल नाही. सुटल्यावर आनंद पाहिजे, बायकोला मिठी पाहिजे. इथे टोपली आहे.

वहिनी चहा घेऊन आल्या. ठेवून आत गेल्या. मी प्रभाकररावांना विचारलं, तुम्ही मला हा पिक्चर का दाखवलात? ते म्हणाले, चांगला आहे म्हणून. मी म्हणालो, खरं सांगा. ते म्हणाले, खरंच सांगतोय, इतका चांगला पिक्चर कुणी पाहिलेला नाही याचं वाईट वाटतं.

मग मी सांगितलं. म्हणालो, प्रभाकरराव, मी त्या दिवशी तुमचा चेहरा पाहिला नव्हता. कोट पाहिला होता.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “मला माहीत आहे. तुमचं बयान मी वाचलंय. तुम्ही खोटं नाही बोललात, मुळे. पाहिलं त्याच्यापेक्षा थोडं जास्त सांगितलंत.”

मी म्हणालो, मग दोन वर्षं मला बोलावलं का नाहीत? ते म्हणाले, “तुम्हाला पिक्चर नीट पाहता आला नसता. तुम्ही सगळा वेळ माझ्याकडे पाहिलं असतं.”

एवढंच झालं. आमच्यात या विषयावर एवढंच बोलणं झालं. त्यानंतर आम्ही मित्र झालो, हे सांगायला मला संकोच वाटतो, पण झालो. तो पिक्चर मी त्यांच्याबरोबर अनेक वेळा पाहिला. कॅसेट खराब होत आली तेव्हा नेहाने सीडी करून आणली, मग पेनड्राइव्ह. दर वेळी त्यांना नवीन काही दिसायचं. कधी म्हणत, बघा, कोठडीत त्याला कुणी टोपी घालू देत नाही, म्हणून चेहरा दिसतो. कधी म्हणत, त्या बाईच्या टोपलीला दोरी नवी आहे, म्हणजे तिने ती मुद्दाम आणली. वेड होतं खरं. पण त्या वेडात राग नव्हता. मी शोधला. मला तो सापडायला हवा होता, त्याने मला सोपं गेलं असतं.

रिटायर झाल्यावर एकदा मी त्यांना म्हणालो, मंडळाच्या सभेत मी उभा राहून हे सगळं सांगतो. ते म्हणाले, राहू द्या हो, आता कोण विचारतंय. मी राहू दिलं. त्यांनी राहू द्या म्हटलं, आणि मला तेच हवं होतं. त्यांच्या म्हणण्याचा मी फायदा घेतला. वीस वर्षं घेतला.

मागच्या आठवड्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. त्यांना त्रास झाला नाही, डॉक्टर म्हणाले.

चार दिवसांपूर्वी मी हरिशंकरपुरमला गेलो. वहिनींना आणि नेहाला म्हणालो, शोकसभेत मला त्या बयानाबद्दल बोलायचं आहे, तुमची हरकत असेल तर नाही बोलणार. नेहा म्हणाली, “काका, बोलून टाका. पापांना चाललं असतं की नाही, पता नहीं. मला चालेल.” शाळेतल्या त्या मुलीचं तिने तेव्हाच सांगितलं.

वहिनी मग म्हणाल्या, “भाऊजी, हे तुम्ही तेव्हा बोलायला हवं होतं. ते सतरा महिने रोज इस्त्रीचे कपडे घालून निघायचे. इस्त्री मी करत होते.”

  मी निघताना त्या म्हणाल्या, बोला, पण थोडक्यात बोला आणि रडू नका, त्यांना आवडायचं नाही. थोडक्यात मला जमलं नाही. दुसरं जमवतो आहे.

तर मंडळी, इथे कॉलेजातले जुने लोक आहेत, मंडळाचे लोक आहेत, शेजारी आहेत. ज्यांनी त्या काळात काही ऐकलं होतं ते बरेच जण इथे आहेत. तुमच्यासमोर मी माझं बयान बदलतो. त्या सोमवारी मी जिन्यावर एक तपकिरी कोट पाहिला. तो कुणाचा होता ते मला माहीत नाही, आणि तेव्हाही नव्हतं. प्रभाकर खेडकरांनी त्या कपाटातून काहीही घेतलं नव्हतं. त्यांना कॉलेजने निर्दोष म्हटलं, तो आदेश आहे, नेहाने मला दिला आहे. त्याची प्रत मी दाराशेजारच्या बोर्डावर आजच्या सभेच्या सूचनेच्या बाजूला लावली आहे. येताना कुणी पाहिली नसेल. जाताना वाचा. दोनच परिच्छेद आहेत.

प्रभाकरराव, उशीर झाला. नमस्कार करतो.

आता दोन मिनिटं शांत राहू. वहिनी, तुम्ही बसूनच राहा. आम्ही सगळे उभे राहतो.